गांधीलमाशांचं पोळं कुणी काढायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन शहराच्या अगदी कडेला राहणाऱ्या एका मैत्रिणीने हे पत्र पाठवलं आहे. त्यांच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे थेट वाळूच सुरू होते. अंगणात खजुराची काही झाडं आहेत आणि ठिबकवर जगवलेली थोडी हिरवळ. यंदाच्या उन्हाळ्यात घराभोवती गांधीलमाशांची तीन पोळी झाली: एक स्वयंपाकघराच्या मागच्या दाराच्या पायरीखाली, एक वरच्या खिडकीच्या छज्जाला आणि एक मातीचं, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे. जूनमध्ये सात वर्षांच्या धाकट्याला हातावर माशी चावली. हात कोपरापर्यंत सुजला आणि सूज उतरायला चार दिवस लागले. तेव्हापासून दोन्ही मुलं घरात कोंडलेली आहेत. पती म्हणतात, भोकात पेट्रोल ओतून काडी लावू. बागकाम करणारे वयस्क बांगलादेशी चाचा शंभर दिरहममध्ये रात्रीतून हे काम करून द्यायला तयार आहेत. सांगलीहून सासरे फोनवर सांगतात, जीव मारू नका, त्या आपोआप जातील. पेस्ट कंट्रोलवाल्यांनी सांगितलेले पैसे जास्त वाटले. सासू-सासरे दिवाळीला राहायला येणार आहेत. मैत्रीण विचारतात: चाचांकडून काम उरकून घ्यावं की थांबावं? आणि पुढच्या वेळी माशी चावली तर मुलाच्या जिवाला धोका आहे का?

प्रिय मैत्रीण,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं पत्र त्याच काळजीतून आलंय.

माशी चावल्यावर सूज वर चढत जाणं, दुसऱ्या दिवशी आणखी वाढणं आणि मग आठवड्याभरात उतरणं, हे बऱ्याच जणांना होतं. एवढ्याशा मुलाचा हात कोपरापर्यंत टम्म फुगलेला पाहिल्यावर आईचं काय होतं ते मी समजू शकते. पण ती सूज म्हणजे पुढच्या वेळच्या अनर्थाची चाहूल नव्हे. अशी नुसती जागेवरची मोठी सूज आलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के जणांना पुढच्या डंखानंतर सर्वांगावर परिणाम दिसतो. बाकीच्यांना फार तर पुन्हा तशीच सूज येते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र आलेली नाही. ती जरा आठवून पाहा. त्या दिवशी चावलेला हात सोडून अंगावर दुसरीकडे गांधी उठल्या होत्या का? ओठ किंवा पापण्या सुजल्या, उलटी झाली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, असं काही झालं होतं का? यातलं काहीही झालं असेल तर पोळ्याचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांची वेळ घ्या. ते रक्ताची किंवा त्वचेची चाचणी करतील, गरज वाटली तर ॲड्रेनलिनचं पेन (तीव्र ॲलर्जीत लगेच टोचायचं तयार इंजेक्शन) जवळ ठेवायला देतील आणि ते कसं टोचायचं हेही शिकवतील. ज्यांना खरोखर जिवावर बेतणारी ॲलर्जी असते त्यांच्यासाठी माशीच्या त्याच विषाच्या अगदी थोड्या मात्रेपासून सुरू होणारा, तीन ते पाच वर्षं चालणारा इंजेक्शनांचा उपचार आहे. तो चांगला लागू पडतो.

यातलं काहीच झालं नसेल, तर मुलाला अंगणात जाऊ द्यायला हरकत नाही. फक्त कोणत्या भागात, ते पुढे सांगते.

माशी चावल्यावर काय करायचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. चाचांनाही. मधमाशी आपला काटा त्वचेत सोडून जाते. गांधीलमाशीचा काटा तिच्याकडेच राहतो, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. म्हणून पहिलं काम म्हणजे तिथून निघणं: चेहरा झाकून, सरळ घरात, दार लावून. हात झटकत तिथेच उभं राहू नका. मग जागा साबणाने धुवायची, बोटात अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढायची, कापडात गुंडाळून बर्फ लावायचा आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलेली ॲलर्जीची गोळी द्यायची. आपल्याकडे लोखंड घासतात, चुना लावतात, कांदा चोळतात. त्याने विष उतरत नाही. आजीच्या समाधानासाठी कांदा चोळायला माझी ना नाही, पण मूल धापा टाकत असताना कांदा शोधण्यात एक मिनिटही घालवू नका. श्वासाला त्रास, घशात किंवा जिभेला सूज, सर्वांगावर गांधी, गळून पडल्यासारखं होणं, यांपैकी काहीही दिसलं तर ९९८ ला फोन करायचा, माणसाला आडवं करून पाय उंच ठेवायचे (दम लागत असेल तर बसू द्यायचं) आणि पेन असेल तर लगेच टोचायचं. तोंडात किंवा घशात डंख झाला तर लक्षणं दिसायची वाट न पाहता निघायचं. एकाच वेळी पुष्कळ माशा चावल्या असतील तर ॲलर्जी नसली तरी रुग्णालयात जायचं, कारण विषाची मात्रा वाढली की स्नायूंना आणि मूत्रपिंडांना इजा होते आणि ती पहिल्या काही तासांत दिसून येत नाही.

आता पोळ्यांकडे वळू. तुम्ही तिन्हींना गांधीलमाशांची पोळी म्हटलं आहे, पण तुमच्या वर्णनावरून ती तीन वेगवेगळ्या जिवांची घरं आहेत, आणि तिघांशी वागण्याची रीतही वेगळी.

एसीमागचं मातीचं घर कुंभारणीचं. दोऱ्यासारखी बारीक कंबर असलेली ही माशी एकटीच राहते. मातीच्या नळीत आपल्या पिल्लासाठी कोळी किंवा अळ्या भरून ठेवते, तोंड लिंपते आणि निघून जाते. घराची राखण ती करतच नाही. मातीला भोकं पडलेली दिसत असतील तर पिल्लं उडून गेलेली आहेत. एसीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी खरवडून काढा, विषय संपला.

छज्जाला खाली तोंड करून लटकलेलं, उघड्या घरांचं, तळहाताएवढं पोळं बारीक पिवळ्या माशांचं. उडताना त्यांचे लांब पाय खाली लोंबतात, ही त्यांची खूण. फार जवळ गेल्याशिवाय त्या अंगावर येत नाहीत. ती खिडकी थंडीपर्यंत बंद ठेवता येत असेल तर पोळं राहू द्या. थंडीत मात्र यांच्या राण्या घोळक्याने खिडकीच्या फटीत, पडद्यांच्या चुण्यांत, एसीच्या खोक्यात दडून बसतात, तेव्हा त्या खोलीतले पडदे झटकूनच सरकवायचे.

खरा प्रश्न पायरीखालचा आहे. तांबूस-तपकिरी अंग, पोटावर रुंद पिवळा पट्टा, चेहरा पिवळा, आणि भर दुपारी सर्वांत जास्त वर्दळ: ही अरबस्तानातली खरी गांधीलमाशी. शास्त्रीय नाव व्हेस्पा ओरिएंटालिस. उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण ओलांडून भारतापर्यंत ती आहे. राजस्थान, गुजरातेत आणि आपल्या महाराष्ट्रातही. म्हणजे सासऱ्यांनी सांगलीकडे जी पाहिली असेल ती हीच असू शकते. जमिनीखालच्या पोकळ्या, भिंतीतली भगदाडं, झाडाच्या ढोल्या ही तिची आवडती जागा. वाळवंटात उघड्यावर पोळं बांधलं तर पिल्लं भाजून निघतील, म्हणून ती खाली जाते. कामकरी माशा तोंडाने माती उकरून बाहेर टाकतात. पायरीपाशी मातीचे बारीक खडे पडलेले दिसत असतील तर ते त्यांचंच काम.

इतर बहुतेक गांधीलमाशा दुपारच्या उन्हात मंदावतात, ही मात्र ऊन चढेल तशी जास्त उकरते. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की तिच्या अंगावरच्या पिवळ्या पट्ट्यातला रंग प्रकाश शोषतो आणि त्यापासून विजेचा अगदी लहानसा प्रवाह निर्माण होऊ शकतो. त्या विजेचा ती नेमका काय उपयोग करते हा पुढचा प्रश्न. तुमच्या कामाचं एवढंच: दुपारी बारा ते चार या वेळात त्या पायरीपाशी कुणी जायचं नाही.

मग ती तुमच्याच दारात का आली? पत्रात एक वाक्य आहे, ‘आमच्याच घराच्या मागे लागल्यात’. त्या तुमच्या मागे लागलेल्या नाहीत. त्या पाण्याच्या मागे आहेत. बाहेर ४५ अंश असताना पोळ्यातल्या पिल्लांना साधारण ३० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. त्यासाठी कामकरी माशा पाण्याचे थेंब आणून पोळ्यात पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. भिंतीपलीकडे मैलोन्मैल वाळू, आणि तुमच्याकडे एसीच्या नळीतून दिवसभर ठिपकणारं पाणी, ठिबकच्या सांध्यांतून होणारी गळती, पाखरांसाठी ठेवलेलं भांडं, मुलांचा आंघोळीचा प्लॅस्टिकचा टब. त्यात खजूर पिकलेला. जमिनीवर पडून आंबलेला खजूर आपल्याला नकोसा वाटतो, त्यांना नाही; २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका इस्रायली अभ्यासात या माशांना ८० टक्के अल्कोहोल असलेलं द्रावण दिलं तरी त्यांच्या वागण्यावर आणि आयुष्यावर परिणाम झाला नाही. आणि मागच्या दाराशी कचऱ्याचा डबा, त्यात मासळीचे काटे. पिल्लांना मांस लागतं, मोठ्यांना गोड लागतं. दोन्ही एकाच दारात.

हे सगळं या आठवड्यात बदलता येईल, आणि ते तुमच्याच हातात आहे. एसीची नळी लांब पाइप जोडून झाकणाच्या बादलीत किंवा थेट झाडाच्या मुळाशी खड्यांखाली सोडा. गळके सांधे बदला. टब रोज रिकामा करून पालथा घाला. खाली पडलेला खजूर रोज पहाटे, ऊन चढायच्या आत गोळा करून पिशवीत बांधून टाका. झाडावरच्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधायची तिथे पद्धतच आहे, त्या बांधून घ्या. डबा मागच्या दारापासून हलवा आणि झाकण घट्ट बसतंय का ते पाहा. बाहेर बसून मुलांनी सरबताचे कॅन प्यायचे नाहीत. माशी आत शिरलेली दिसत नाही. साखर-व्हिनेगरचे सापळे लावायचा मोह होईल. आत्ता नको. तुमच्या पत्रातल्या वर्णनाइतकी वर्दळ असताना सापळा दारात आणखी माशा बोलावतो.

सासऱ्यांच्या म्हणण्याबद्दल. त्यांचं म्हणणं भाबडं नाही, खरं आहे. हे पोळं एका वर्षाचंच असतं. थंडी सरली की एकटी राणी बाहेर पडते, जागा शोधते, पोळ्यातली पहिली काही घरं स्वतः बांधते, पहिल्या पिल्लांना स्वतः शिकार आणून भरवते. त्या कामकरी माशा मोठ्या झाल्या की राणी आतच राहते आणि पोळं वाढत जातं. उन्हाळ्याच्या शेवटी माशा शेकड्यांनी असतात. मग नर आणि नव्या राण्या जन्मतात, त्यांचा संग होतो, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी जुनी राणी, कामकरी, नर सगळे मरून जातात. फक्त नव्या राण्या कुठेतरी फटीत हिवाळा काढतात. जुनं पोळं सहसा पुन्हा वापरात येत नाही. तर हो, त्या आपोआप जातील. शिवाय माशा, टोळ, अळ्या यांची शिकार करून त्या बागेचं कामही करतात, आणि हा त्यांचाच मुलूख आहे. मधमाशांच्या पेट्यांवर धाड घालतात हेही तितकंच खरं; तिथले मधपाळ त्यांना फार वैतागलेले असतात.

अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात, भिंतीकडेला हे पोळं असतं तर मी सासऱ्यांच्या बाजूने उभी राहिले असते. पाच-सहा मीटरवर दोरी बांधा, मुलांना समजावा, डिसेंबरपर्यंत थांबा, असं सांगितलं असतं. ज्या वाचकांच्या घरी पोळं असं आडबाजूला आहे त्यांनी हेच करावं, असं मला मनापासून वाटतं. पण तुमचं पोळं पायरीखाली आहे. पाऊल पडलं, डबा ओढला, सायकल आदळली की प्रत्येक हादरा थेट त्यांच्या छपरावर बसतो, आणि हादऱ्याला या माशा फार तिखट उत्तर देतात. दुसरं म्हणजे दिवाळी. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, आणि पोळं भरात असण्याचेच ते दिवस. पिल्लांची संख्या घटत गेली की त्यांच्या तोंडून मिळणारा गोड रस कामकऱ्यांना मिळेनासा होतो आणि त्या खजुरावर, फराळाच्या ताटावर, चहाच्या कपावर येऊ लागतात. सासू-सासऱ्यांचं वय आहे. सासऱ्यांना रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर तीव्र ॲलर्जीवरचं ॲड्रेनलिन कमी लागू पडू शकतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. एवढं सगळं पाहता या एका पोळ्याच्या बाबतीत थांबू नका, ते काढून घ्या. सासऱ्यांना हे असंच सांगा: तीनपैकी दोन आम्ही राहू दिली, तिसरं मुलांच्या पायाखाली आहे म्हणून काढतोय. मला वाटतं ते समजून घेतील.

पेट्रोलला मात्र माझा ठाम नकार. पेट्रोलची वाफ जड असते, पोकळीत साचते, पायरीखालून भिंतीच्या फटीत शिरते, आणि पलीकडे तुमचं स्वयंपाकघर आहे. काडी लावल्यावर ज्योत भोकातच राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. जमिनीखालून ठिबकचे पाइप आणि विजेच्या तारा गेलेल्या असतात. पाणी ओतलं तर सगळ्या माशा एकदम वर येतात. सिमेंटने भोक बुजवलं तर त्या दुसरीकडून उकरून बाहेर निघतात, आणि ते दुसरीकडे म्हणजे कधी कधी घराच्या आत. आणखी एक: कुणी धान्यात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणून दिल्या तर त्या घरात येऊसुद्धा देऊ नका. त्यांतून निघणाऱ्या वायूने अमिरातीतल्या निवासी इमारतींमध्ये माणसं दगावली आहेत, मुलंही. शेजारच्या घरात टाकलेल्या गोळीचा वायू भिंतीच्या फटीतून येऊन.

आणि आता चाचा.

तुमच्या पत्रात मुलांची काळजी आहे, सासू-सासऱ्यांची आहे, माशांच्या जिवाचाही विचार आहे. चाचांबद्दल एवढंच आहे की ते शंभर दिरहममध्ये तयार आहेत. तुम्ही मनाने वाईट नाही, हे पत्र वाचून कळतं. जे काम आपल्याला धोक्याचं वाटतं ते आपल्यापेक्षा कमी मिळवणाऱ्या माणसाने करावं, हे आपल्याकडेही आणि तिथेही इतकं अंगवळणी पडलंय की ते डोळ्यांना दिसतच नाही. पण थोडं थांबून पाहा. जे पोळं तुम्हाला आणि पतींना इतकं भयंकर वाटतं की मुलं दोन महिने घरात आहेत, त्यापाशी रात्री अंधारात, साध्या सदऱ्यात, पेट्रोलचा डबा घेऊन एक वयस्क माणूस गुडघ्यावर बसणार. रात्री माशा सगळ्या आत असतात, म्हणजे उलट जास्त असतात, आणि टॉर्चच्या उजेडाकडे झेपावतात. त्यांना आधी कधी माशी चावली होती का, तेव्हा काय झालं, हृदयाचं औषध चालू आहे का, तुम्हाला माहीत आहे? त्यांना काही झालं तर ज्या कंपनीच्या व्हिसावर ते आहेत ती म्हणेल, हे काम आम्ही दिलंच नव्हतं. रुग्णालयाचा खर्च कोण देणार? घरी पैसे कोण पाठवणार? ते हो म्हणाले, हे खरं. पण ज्या घरावर महिन्याची कमाई अवलंबून आहे त्या घराला नाही म्हणणं त्यांना किती परवडणार होतं?

म्हणून माझी पहिली सूचना ही की, चाचांना उद्याच सांगा की हे काम त्यांनी करायचं नाही, आणि त्याने त्यांच्या बाकीच्या कामावर काही परिणाम होणार नाही. दोन्ही गोष्टी सांगा. नुसती पहिली सांगितली तर त्यांना काम गेल्याची धास्ती वाटेल. त्यांना पायरी दाखवा, तिथे झाडलोट नको, गवत कापायचं यंत्र नको. खजुराच्या झाडावर चढायचं काम असेल तर आधी खालून घडावर माशा आहेत का ते पाहायचं. वर असताना माशी चावली तर डंखापेक्षा पडण्याचा धोका मोठा. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. या माशांचीही ती भराची वेळ, तेव्हा चाचांच्या बाबतीत तो नियम १५ सप्टेंबरनंतरही पाळा. आणि त्यांनाही विचारा, कधी माशी चावून त्रास झाला होता का. हा प्रश्न त्यांना बहुधा कुणी विचारलेला नसेल.

पेस्ट कंट्रोलचे पैसे जास्त वाटले, हे मी हलक्यात घेत नाही. परदेशात दोन मुलांचं शिक्षण, घरभाडं, गावी पाठवायचे पैसे, हे सगळं असतं. पण तुलना कशाशी करायची ते पाहा. शंभर दिरहमचं काम आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांचं काम, ही एकच गोष्ट नाही. ती माणसं संपूर्ण अंग झाकणारा पोशाख घालून अंधार पडल्यावर किंवा पहाटे येतात, लाल दिवा वापरतात कारण तो माशांना जवळजवळ दिसत नाही, भोकाच्या तोंडाशी कीटकनाशकाची भुकटी मारतात. येणाऱ्या-जाणाऱ्या माशा ती अंगाला लावून आत नेतात. एक-दोन दिवसांत वर्दळ थांबली की पुन्हा येऊन पोळं बाहेर काढतात आणि मगच भोक बुजवतात. हा दुसरा फेरा दरात धरलेला आहे का, ते आधी विचारा. बऱ्याचदा तिथेच फसगत होते. शेजारच्या अमिराती कुटुंबाने नगरपालिकेला फोन करा म्हणून सांगितलंय, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्यांचं ऐका, आधी तिथेच फोन करा. तुमच्या भागात हे काम त्यांच्याकडून होतं का, होत नसेल तर परवाना असलेल्या कंपन्या कोणत्या, हे ते सांगतील. घर भाड्याचं असेल तर घरमालकालाही कळवा. पायरीखालची पोकळी हा बांधकामातला दोष आहे आणि त्याची दुरुस्ती तुमच्या खिशातून का व्हावी? खर्चाचा एवढा भाग तरी त्यांनी उचलावा, असं लेखी मागा.

काम होईपर्यंत मागचं दार बंद ठेवा, पायरीवर काही आपटू नका, कचरा पुढच्या दाराने न्या. मुलांना पुढच्या अंगणात संध्याकाळी खेळू द्या, पायात बूट घालून, अनवाणी नको. त्यांना तिन्ही घरं लांबून दाखवा, कोण कुठे राहतं ते सांगा. अकरा वर्षांच्या मोठ्याला तर ते पिवळ्या पट्ट्याचं आणि विजेचं नक्की सांगा. दोन महिने कोंडून ठेवलेल्या मुलाच्या मनात आत्ता फक्त राक्षस आहे. त्याच्या जागी लांबून ओळखता येणारी, पाणी शोधत फिरणारी माशी आली की तो सावधही राहील आणि झोपेलही.

पोळं गेलं म्हणजे पुढच्या वर्षीचं काम संपलं असं नाही. जागा सोयीची असेल तर नवी राणी तीच धरू शकते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस: पायरीखालची पोकळी भरून घ्या, भिंतीतली भगदाडं, पाइप आत शिरतात तिथल्या फटी, पाण्याच्या टाकीखालची जागा, वापरात नसलेल्या झडपांची खोकी. हवा यायची भोकं बुजवू नका, त्यांना बारीक जाळी लावा. मार्च-एप्रिलमध्ये एकटीच मोठी माशी भिंतीपाशी घुटमळताना दिसली तर ती राणी जागा शोधते आहे. तेव्हा फट बंद असली की ती पुढे निघून जाते, मारावंही लागत नाही.

जैसलमेर, बिकानेर, कच्छ किंवा ओमानमधल्या वाचकांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे. दगडी घरांत सांध्यांच्या फटी जास्त, तेव्हा हिवाळ्यात चुन्याने किंवा सिमेंटने भरून घ्या. भारतात रुग्णवाहिकेसाठी १०८. वस्तीपासून लांब सौर किंवा पवन प्रकल्पांवर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी जवळच्या कोणत्या दवाखान्यात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आणि ते द्यायला माणूस रात्रीही असतो, हे आजच विचारून ठेवावं.

तुम्ही नगरपालिकेला फोन कराल तेव्हा हे विचारा आणि लिहून घ्या: परवाना क्रमांक काय, औषध कोणतं, घरात आणि अंगणात किती तास जायचं नाही, दुसरा फेरा कधी, पोळं बाहेर काढून नेणार का. पायरीपाशी उडणाऱ्या माशांचा फोटो लांबून, झूम करून आधीच काढून ठेवा, म्हणजे त्यांना माशी ओळखता येईल. आणि त्या रात्री चाचांना सुट्टी द्या, पगारी.